घोळक्याच्या पुढचं चाक

व्हर्ना कॉग्लन लाल दिव्याला सायकल थांबवायची ती पाय टेकवूनच. पॅडलच्या खाचेत अडकवलेला बूट खट्‌कन सोडवायचा आणि डांबरावर ठेवायचा, मग रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. निवृत्त होईपर्यंत ती मॉर्डियालकच्या एका शाळेसमोर हातात ‘थांबा’ची पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. पाटी परत केली, पण ती तिच्या अंगातून गेली नाही.

आमचा मंगळवारचा बायकांचा घोळका तिनेच उभा केला. समुद्रालगतच्या रस्त्याने, दोघी-दोघींच्या जोडीने, चाकामागे चाक लावून आम्ही ब्रायटनपर्यंत जातो आणि तिथे कॉफी पितो. जोडीने चालायची सवय व्हर्नाला आणि मला कॉन्व्हेंटपासूनची. तिथे पुढे सिस्टर बेनेडिक्टा असायची, इथे व्हर्ना. मागच्यांना दिवा दिसत नाही, पुढचीची पाठ दिसते. पुढून “थांबा!” आलं की थांबायचं, काही आलं नाही की जायचं. एवढा भरवसा आम्ही नवऱ्यांवरही कधी टाकला नव्हता.

मग कॅरिस मोरो आली. पन्नाशीची, उंच, चढावर बोलत बोलत जाणारी. व्हर्नाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सायकल नवी दिसते.”

“कसली नवी! माझ्यापेक्षा जास्त आंघोळ तिला मिळते, एवढंच.”

सगळ्या हसल्या. ते हसणं व्हर्नाला झोंबलं. इतकी वर्षं तिने आम्हाला सुखरूप नेलं-आणलं, पण तिच्या बोलण्यावर कुणी असं खदखदून हसलं नव्हतं.

त्यानंतर तिला कॅरिसचं काहीच सहन होईना. लाल दिव्याला कॅरिस पाय न टेकवता नुसत्या तोलावर उभी राहायची. “सर्कशीत जा म्हणावं,” व्हर्ना माझ्या कानाशी पुटपुटायची. कॅरिसने केळ्याचा केक करून आणला तर व्हर्नाला नेमकी भूक नसायची. ती खरं तर एकाच गोष्टीची वाट बघत होती: कॅरिसने एकदा तरी लाल दिवा तोडावा. कॅरिस तोडत नव्हती.

ऑक्टोबरमध्ये आम्ही खाडीलगत दूरवरची फेरी काढतो. वर्षातला तो आमचा मोठा दिवस. त्याआधी एका मंगळवारी कॉफी पिताना आमच्यातली ग्लेनिस म्हणाली, “यंदा कॅरिसला पुढे ठेवूया का? वाऱ्यात नुसती भिंत आहे ती, मागच्यांना वारा लागत नाही.”

व्हर्ना साखर घेत नाही, तरी तिने कप बराच वेळ ढवळला.

“पुढच्या मंगळवारी बघू,” ती म्हणाली. “मी काही अजून मेले नाही.”

त्या मंगळवारी उत्तरेचा वारा समोरून अंगावर येत होता. “तू आज सगळ्यांत शेवटी,” तिने कॅरिसला बजावलं. “नव्यांनी मागून शिकावं.”

“बरं बाई,” कॅरिस हसून म्हणाली.

व्हर्ना कधी नव्हे इतकी जोरात निघाली. शेवटून दुसऱ्या जोडीत मला धाप लागली होती. सँडरिंगहॅमच्या चौकात दिवा पिवळा झाला, तेव्हा तिला थांबायला भरपूर वाव होता. ती थांबली नाही. मान खाली घालून तिने पॅडल मारलं आणि तोंडातून शब्दही काढला नाही. तिच्या पाठीवर विसंबलेल्या जोड्या तिच्या मागोमाग आत शिरल्या. तोवर दिवा लाल झाला होता.

उजवीकडून पांढरी व्हॅन आली. कर्कश हॉर्न, टायरचा आवाज, आणि आमच्या मागून कॅरिसची आरोळी: “थांबा! सगळ्या थांबा!”

आम्ही मागे उरलेल्या जणी जागीच थबकलो. व्हॅन ग्लेनिसच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी राहिली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. “ए आज्यांनो! दिवे काय आमच्यासाठीच लावलेत का?”

पुढच्या जोड्यांसह व्हर्ना पलीकडे पोचली होती. तिने वळून पाहिलं. मध्ये लाल दिवा आणि अलीकडे आम्ही. आमच्या मागे कॅरिस, एक हात उंच धरलेला आणि त्या दिवशी पाय डांबरावर घट्ट टेकवलेला.

ब्रायटनला टोस्ट आले, कुणी हात लावेना. कॅरिसच म्हणाली, “एवढ्या वाऱ्यात दिवा दिसला नसेल गं.”

“दिसला होता,” व्हर्ना म्हणाली.

तिने टोस्टची बशी कॅरिसकडे सरकवली.

“पिवळा झालेला मी बघितला. ऑक्टोबरमध्ये तू पुढे राहा.”

“अगं, एका दिव्यापायी—” ग्लेनिस म्हणाली.

“तुझ्या मागच्या चाकाला विचार.”

सायकली काढताना व्हर्नाने माझी बाही ओढली. तिचे डोळे लाल झाले होते. “पाय टेकवला तिने. बघितलास? एवढी एकच गोष्ट माझी होती, तीही तिला माझ्यापेक्षा चांगली जमते.”

फेरीत कॅरिस पुढे राहिली आणि आजही तीच असते. व्हर्ना सगळ्यांत शेवटी असते. पुढून “थांबा!” आलं की तीही “थांबा!” म्हणून ओरडते. तिच्या मागे कुणीच नसतं, तरी तिचा आवाज कॅरिसपेक्षा थोडा चढाच लागतो.