कमरबीचा सहा तासांचा हिशेब

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात कमरजहाँला पुऱ्या नावानं कुणी हाक मारत न्हाई. ती कमरबीच. सासूच्या हाताखाली बांगड्या भरायला शिकली, तवापासून डोक्यावर पेटी घेऊन आसपासची खेडी फिरते. पोरीला सातवा महिना लागला की हिरव्या बांगड्या भरायचा मान तिचा. मग घर आमचं हिंदूंचं असो की त्यांचं मुसलमानांचं. आधी हात दाबून बघणार, मग माप काढणार. एक नेम मातर सासूनं घालून दिलेला: दिवस बुडायच्या आत पेटी घरात. परक्या घरी मुक्काम न्हाई.

तिची लेक सबीहा नवऱ्यासंगं सौदीत, जेद्दाला. तिलाच सातवा लागला. साऱ्या मुलखाच्या लेकींचे हात भरले अन् पोटच्या पोरीचे मोकळे, हे कमरबीला सोसंना. जावयानं तिकीट धाडलं.

"किती लांब हाय रे?" तिनं लेकाला, मुजफ्फरला इचारलं.

"हैदराबादहून चार हजार किलोमीटर, अम्मी. विमानानं सहा तास."

सहाच तास! इथं हिंगोलीची जीप भरायलाच अर्धा दिवस जातो. कमरबीनं हिशेब केला: जायचं, बांगड्या भरायच्या, त्याच पावली माघारी. बाजारच्या दिवशी येतेच म्हणून बायांना सांगून बी बसली.

मुजफ्फर हसला. "अम्मी, परतीचं तिकीट तीन महिन्यांनी हाय."

झालं. बाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. "म्या न्हाई जात, मंजुळाबाई. जावयाच्या घरी इतके दिस? अन् माझ्या बायांनी काय मोकळ्या हातानं बसावं?"

"तू जन्मायच्या आधी बी बाया बांगड्या घालीतच होत्या."

"त्या काय बांगड्या होत्या!"

"बरं, नको जाऊ. मुजफ्फरच्या फोनवर रोज बोलतीस ना सबीहाशी? फोनवरूनच हात दाबून बघ अन् सांग माप."

दिवस गेले की हात सुजतो, हे तिच्याहून कुणाला ठावं? ती म्हणली, "हात इकडं करा." माझे दोन्ही हात भरले, पेटी झाकली अन् घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुलईच्या घडीत तीन मापांच्या बांगड्या बांधून निघाली.

पोचली त्या दिवशी आमच्याकडं दिवे लागले तवा फोन आला. मुजफ्फर मोबाईल घेऊन पळत आला. पडद्यावर सबीहाचे हात कोपरापर्यंत हिरवे. कमरबी मागून म्हणती, "तुमच्याकडं बुडाला व्हय दिवस? इथं अजून ऊन हाय! नेम न्हाई मोडला!"

"माप कोणतं लागलं?"

"सगळ्यात थोरलं. फोनवर कळलं नसतं, मंजुळाबाई."

"अन् आता येणार कवा?"

"बाळंतीण झाली की हात उतरतो. ह्या काढून मापाच्या भरते, मग येते."

तिनं भरलेल्यातल्या माझ्या हातात आता दोनच बांगड्या उरल्यात. भांडी जपून घासून राहिले.