चपला फाटकाबाहेर

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी हिरवळीवर पाणी मारतात. परवा खालच्या मजल्यावरची तरुण आई आपल्या तीन वर्षांच्या लेकीचे बूट काढून तिला त्या ओल्या गवतावर सोडत होती. "पायाला माती लागू द्या हो काकू, पोरं काटक होतात," असं हसून म्हणाली. आणि मी, जिला सगळे शांत बाई समजतात, तिच्यावर केवढ्यांदा तरी खेकसले, "आधी बूट घाल तिला!" बिचारीनं घाईघाईनं लेकीला कडेवर उचललं. त्या राखलेल्या हिरवळीत भिण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पण ओल्या मातीवर इवली पावलं दिसली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

कन्नड गावाच्या पुढं, उसाच्या रानात माझी शाळा होती. मुख्याध्यापिका म्हणून गेले तेव्हा तिथं शेळ्या बसायच्या. सहा महिन्यांत मी तिचं रूप पालटलं. रोज मैदान झाडायचं, सडा घालायचा, दारात रांगोळी. शाळा म्हणजे देऊळ, असं मी पोरांना सांगायची. आणि देवळात कुणी चपला घालून जातं का? म्हणून माझा नियम असा, की चपला थेट फाटकाबाहेर काढायच्या, ओळीनं. तालुक्यात स्वच्छ शाळेचं बक्षीस आलं, तेव्हा मी काय मिरवलं होतं, काही विचारू नका! नवं शौचालय बांधून झालं, तर त्याला मीच कुलूप ठोकलं. पोरं घाण करतील, तपासणीला साहेब आले की दाखवायचं काय? किल्ली माझ्या कपाटात. पोरं मग कुंपणामागं बाभळीच्या सावलीला जायची. टाकीचं पाणी सांडून तिथली माती बारा महिने ओली असायची. पोरं तिथं जायची ती अनवाणीच.

तिसरीत एक मुलगी होती. बाप कारखान्यावर रोजंदारीला, आई लोकांच्या रानात निंदायला. सगळ्यांत पुढं पळणारी, तोंडाची टकळी न थांबणारी पोर. एका श्रावणात तिच्या बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ उठलं, वर्गात बसल्या बसल्या पाय खाजवायची. चिखल्या झाल्यात म्हणून आईनं मेंदी लावली, खाज गेली, आम्ही विसरलो. दिवाळीनंतर ती खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसायला लागली. आळस भरलाय अंगात, असं मी चारचौघांत म्हणाले. मग ती पाटीवरच्या पेन्सिली खाताना सापडली. मी पट्टी घेतली आणि तिच्या हातावर दोन दिल्या. वळ उठेना. तळहात पांढराफटकच राहिला. मला तेव्हा एवढंच वाटलं, की जोरात लागलं नसेल. मेलं माझं डोकं!

आई शाळेत आली. फाटकाशी चपला काढून, पदर सावरत उभी. "बाई, लई दमती ओ पोरगी. दोन पायऱ्या चढली की छाती उडती तिची."

"पेन्सिली खाती ना, त्यानं जंत झालेत," मी ठसक्यात सांगितलं. "गूळ बंद करा आधी."

बाई सांगतात म्हणजे खरंच असणार. पोरीला दोन घास गोड मिळत होतं, तेही त्या माउलीनं माझ्या शब्दाखातर बंद केलं.

पौषात एके सकाळी प्रार्थनेत ती कोसळली. जीप करून आईला नि तिला घेऊन मी शहरातल्या दवाखान्यात पोचले. पोरीचे पाय सुजलेले, ओठ कागदासारखे. रक्त तपासून डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "मुलं अनवाणी फिरतात का?"

"शाळेत तर मी चप्पल घालूच देत नाही," मी सांगितलं. काय सांगू, त्या घडीलाही माझ्या आवाजात अभिमान होता.

त्यांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग एकेक विचारत गेले, पोरं परसाकडला कुठं जातात, तिथली माती कशी आहे. आणि हळू आवाजात समजावलं, की अशा घाणेरड्या ओल्या मातीतली अळी तळव्याच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटून महिनोन् महिने रक्त पिते. पायाची खाज ही तिची पहिली खूण. पेन्सिलीनं जंत झाले नव्हते. रक्त आटलं म्हणून पोर पेन्सिली खात होती. रक्ताची बाटली लावली, पण काळजानं आधीच हात टेकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्याच संध्याकाळी मी कुलूप काढलं. चपलांच्या नियमाचं मात्र कुणाशी बोलायला तोंड नव्हतं, तो तसाच राहिला. जूनमध्ये ती आई धाकटीला पहिलीत घालायला आली. माझे पाय धरायला वाकली. "तुमी जीप केली, दोन दिस जेवला नाय. सख्खं कुणी करीत नाय ओ एवढं." मग लेकीकडं वळून म्हणाली, "बाईचं ऐकायचं बरं. काढ चप्पल." पोरीनं मुकाट्यानं चपला काढल्या, फाटकाबाहेर भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

मी खाली बसले आणि त्या तिच्या पायांत परत घातल्या. "आता घालून यायचं आत," एवढंच म्हणाले. आईनं का ते विचारलं नाही, फक्त मान हलवली. दोघी आत गेल्या. काळ सगळं बुजवतो म्हणतात. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या घरात माझं नाव अजून देवमाणूस म्हणून घेतात, आणि खरं काय ते सांगायला मी आजवर गेलेली नाही.