अप्पांनी राखून ठेवलेला समुद्र

समस्त मराठी वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नेदरलँड्समधील फोरबर्ग या गावी, आमच्या गल्लीत, दाराची बेल आता पूर्वसूचनेशिवाय वाजत नाही. पार्सलवाले सोडले तर महिनोन् महिने कोणी न कळवता दारात उभं राहत नाही. आमचे चिरंजीव टिलबर्गला शिकतात, तेदेखील आईला भेटायला येण्याआधी मेसेज करून वेळ ठरवतात. इतरांना ही बाब क्षुल्लक वाटेल. माझ्या मते झेंडा अर्ध्यावर उतरवावा अशी आहे. आणि याला सर्वस्वी जबाबदार आहेत बार्शीचे दिगंबरअप्पा. या माणसानं मला न सांगता येणाऱ्या पाहुण्याची पुन्हा सवय लावली आणि मग विमानात बसून ते निघून गेले.

पहिल्यांदा त्यांनी बेल वाजवली तेव्हा माझ्या तोंडाला बेसन आणि साय लावलेली होती. पार्सलवाल्याला माझ्या सौंदर्याशी काही देणंघेणं नसतं, म्हणून मी तशीच दाराशी गेले. समोर एक ठेंगणे, सडपातळ गृहस्थ. अंगात जावयाचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या, डोक्याला माकडटोपी. पुढ्यात बाबागाडी आणि तिच्यात झोपलेलं तान्हं मूल. माझं पिवळं तोंड पाहून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आदल्या दिवशी आमच्या खिडकीखालून जाताना त्यांनी मला फोनवर कोणाला तरी 'मेल्या' म्हणताना ऐकलं होतं आणि तेव्हाच हे घर हेरून ठेवलं होतं.

"घाबरू नका ताई," ते म्हणाले. "मी विनंती थांब्यावर उतरलोय. पाणी पितो आणि पुढं निघतो."

पाणी पिऊन, चहा पिऊन, पोहे खाऊन ते निघाले तेव्हा दुपार होत आली होती आणि माझ्या तोंडावरच्या बेसनाचे पापुद्रे पडायला लागले होते.

अप्पांची सगळी नोकरी एस.टी.त झाली होती. आधी कंडक्टर, मग बार्शीच्या स्टँडवर कंट्रोलर. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण त्यांच्या तोंडातून स्टँड काही गेला नव्हता. भूक लागली की ते 'डिझेल संपलं' म्हणायचे. कोणी फार बोलायला लागलं की 'घंटी मारा, दोन मारा' म्हणायचे. त्यांची मुलगी प्राजक्ता आमच्यापासून चार घरं पलीकडे राहते. तिची बाळंतपणाची रजा संपली होती आणि पाळणाघरात जागा मिळायला अजून उन्हाळा सरायचा होता. तेवढ्या काळासाठी आईवडिलांनी दोघांनी मिळून यायचं, असं ठरलेलं. तिकिटं निघाली, बॅगा भरल्या, आणि काकूंच्या, म्हणजे प्राजक्ताच्या आईच्या, थोरल्या बहिणीचा पाय न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड मोडलं. तिला दुसरं कोणी नाही. काकू म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, ताई उठून बसली की मी आलेच.

अशा रीतीनं ज्या माणसानं स्वतःच्या लेकीचं दुपटं कधी बदललं नव्हतं, तो ईराला, आपल्या नातीला, सांभाळायला एकटा परदेशी आला. लंगोट बदलण्याला ते 'टायर बदलणं' म्हणत आणि ते काम जॅक लावल्यासारख्या गंभीर चेहऱ्यानं करत. काकूंबद्दल कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मंडळी मागच्या गाडीनं येतायत." हे त्यांनी मला सांगितलं, प्राजक्ताच्या डॉक्टरांना सांगितलं, आणि सुपरमार्केटात हिशेब करणाऱ्या मुलीलाही मराठीतून सांगितलं. ती हसून म्हणाली, छान. निदान अप्पांच्या मते ती तसं म्हणाली.

परगावी रुळायची त्यांची एक पद्धत होती. नव्या गोष्टीला ते आधी नाव ठेवायचे आणि मग तिच्याशी मैत्री करायचे. आमच्या नगरपालिकेचं नाव लायडस्खेनडाम-फोरबर्ग आहे हे कळल्यावर त्यांनी निकाल दिला, की एवढी पाटी कुठल्याच गाडीच्या कपाळाला मावणार नाही, म्हणून इथले लोक सायकलनं फिरतात. कोणाकडेही जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते, या रिवाजाला ते 'आरक्षण' म्हणत. "आपल्याकडं माणसाला आरक्षण लागत नाही ताई," ते म्हणायचे. "उभं राहायची तयारी असली की झालं."

एका गोष्टीशी मात्र त्यांची मैत्री होईना, ती म्हणजे इथला उन्हाळ्यातला सूर्य. निघताना त्यांनी काकूंना शब्द दिला होता, की दिवेलागणीला देवापुढं दिवा लावीन. मे महिना उजाडला आणि दिवेलागण काही होईना. जेवणं झाली, नात झोपली, लेक-जावई जांभया द्यायला लागले, तरी बाहेर लख्ख ऊन आणि अप्पा हातात काडेपेटी घेऊन खिडकीशी बसलेले. सूर्य मावळल्याशिवाय सांजवात कशी लावायची? मी म्हटलं, अप्पा, पडदा ओढा आणि लावा. त्यांना ते पटलं नाही. देवाला फसवल्यासारखं झालं असतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. इथला सूर्य रद्द, बार्शीचा धरायचा. तिकडे संध्याकाळ होते तेव्हा इकडे दुपारचा चहा होतो. तेव्हापासून ते चहाच्या वेळी दिवा लावायचे. काकू तिकडून व्हिडिओ कॉल करायच्या. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला; तिकडे त्यांनी काडी ओढली की इकडे यांनी ओढायची. बोलणं काय, तर रक्तदाबाची गोळी घेतली का, ताईचा पाय कसाय, दूध नासलं, ठेवू का. एकदा मी त्या वेळी तिथे बसले होते. दोन दिवे लागले, फोन बंद झाला, आणि अप्पा त्या काळ्या पडलेल्या काचेकडे बघत म्हणाले, "तिच्याकडं वारा सुटलाय. वात हलत होती."

मी त्यांना एके रविवारी स्खेवनिंगनला न्यायचं ठरवलं. आमच्याकडून ट्रामनं द हेग, तिथून दुसऱ्या ट्रामनं थेट समुद्र. अप्पा नको म्हणाले. मला वाटलं थंडीला भितात. पण तसं नव्हतं.

"समुद्र राखीव आहे," ते म्हणाले. "मंडळी आल्या की."

मग हळूहळू उलगडलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकू म्हणाल्या होत्या, एकदा समुद्र बघायचाय. अप्पा म्हणाले, रजा मिळू दे. आता लोकांची सुट्टी म्हणजे कंट्रोलरची ड्यूटी. दिवाळी, उन्हाळा, यात्रा, दर वेळी त्यांनी बार्शीकरांना कोकणच्या गाड्यांत बसवून दिलं, खिडकीतून डबे आत दिले, पोरं मोजून दिली, आणि संध्याकाळी घरी गेले. स्वतः एकदा मुंबईला युनियनच्या कामाला गेले असताना भिंतीपलीकडे काहीतरी करडं दिसलं होतं. ते त्यांनी धरलं नव्हतं.

हे कळल्यावर मला त्यांच्या फिरण्याचा अर्थ लागला. हा माणूस हे गाव स्वतः बघतच नव्हता, तर काकूंना दाखवायची तालीम करत होता. बाबागाडी ढकलत त्यांनी कालव्याकाठचा असा एक बाक शोधला होता, की ज्यावरून उठताना गुडघ्यांना त्रास होत नाही. तुर्की दुकानातली मेथीची जुडी विकत न घेता ते तिचा वास घेऊन परत ठेवायचे. ट्रामची पायरी त्यांनी पावलानं मापली होती. आणि एकदा तर, हे मला प्राजक्तानं सांगितलं, ते नातीला घेऊन समुद्राच्या ट्राममध्ये बसले, शेवटच्या थांब्याच्या आधी उतरले, रस्ता ओलांडला आणि परतीच्या ट्रामनं घरी आले. मी जाब विचारला तर लहान मुलासारखे लाजले.

"वास आला," ते म्हणाले. "पण बघितलं नाही."

आमच्या कोपऱ्यावर तिनेकेबाई राहतात. वय ऐंशीच्या घरात, खिडकीला पडदा नाही, आणि त्या खिडकीत बसून पेपर वाचतात. इथे रस्त्यावरून जाताना लोकांच्या उघड्या खिडक्यांत बघायचं नसतं, हा अलिखित नियम आहे. अप्पांचा नियम वेगळा होता: वडीलधारं माणूस समोर बसलंय आणि आपण मान वळवून जायचं, हे संस्कारात बसत नाही. म्हणून ते दररोज बाबागाडी थांबवायचे, टोपी सारखी करायचे आणि खिडकीला रीतसर नमस्कार करायचे. पहिले काही दिवस बाईंनी पेपर वर धरला. मग पेपर थोडा खाली आला. मग एके दिवशी त्यांनी कॉफीचा कप उचलून दाखवला, आणि एका सकाळी डायरी घेऊन स्वतःच प्राजक्ताच्या दारात आल्या: या गृहस्थांना कॉफीला बोलवायचंय, पंधरवड्यानंतरचा गुरुवार चालेल का?

अप्पा म्हणाले, दिवाळीच्या गाडीलाही एवढं आगाऊ बुकिंग लागत नाही. पण गुरुवारी धुतलेला शर्ट घालून, मला दुभाषी म्हणून घेऊन गेले. छान गप्पा चालल्या होत्या. बाईंनी काकूंबद्दल विचारलं, अप्पांनी ठरलेलं उत्तर दिलं. मी भाषांतर केलं. बाईंना फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, त्यांनाही बोलावू या, आणि डायरी उघडून, पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "कोणत्या तारखेला येतायत?"

मी भाषांतर केलं. पेन थांबलेलं, बाई वाट बघतायत, आणि आयुष्यभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या त्या माणसाजवळ तारीख नव्हती. इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या मागच्या गाडीला प्रेमानं मान डोलवत होतो. कुठल्या तारखेची, हे विचारण्याचा सरळपणा फक्त या डच बाईंना सुचला. त्या दुपारी दिवा लावताना अप्पांनी काकूंना तारीख विचारली. काकू म्हणाल्या, ताईला अजून धरून उठवावं लागतं. तिला टाकून कशी येऊ?

दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. अप्पा आत येऊन बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "ताई, गाडी रद्द झाली."

त्यानंतर त्यांचं फिरणं आटलं. बाक तसाच, मेथी तशीच. नातीचं सगळं नेमानं करायचे, पण नव्या गोष्टींना नावं ठेवणं थांबलं. व्हिसाची मुदत संपत आली, पाळणाघरात जागा मिळाली, परतीचं तिकीट जवळ आलं. प्राजक्ता माझ्याकडे येऊन रडली. आपल्या सोयीसाठी आपण या दोघांना या वयात वेगळं केलं, हे तिच्या मनात घर करून बसलं होतं. आणि आता अप्पा समुद्र न बघताच निघाले तर तो बोल जन्मभर आपल्याला लागेल, असं ती म्हणत होती. तिनं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते म्हणाले होते, आता कशाला.

अशा वेळी सरळ माणसांचं काही चालत नाही. मी अप्पांना सांगितलं, काकूंसाठी न्यायला चीज घेऊ या, द हेगला चला. प्राजक्ता, नात, बाबागाडी, सगळा लवाजमा निघाला. दुकानात न शिरता मी सगळ्यांना दुसऱ्या ट्राममध्ये चढवलं. अप्पांना काही अंतरानं शंका आली. त्यांचा तो ओळखीचा, शेवटून दुसरा थांबा आला. ते उठले. मी बाबागाडी आडवी लावली. दारं मिटली.

"ताई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ही गाडी पुढं चाललीय."

मी म्हटलं, आज पुढंच जाते.

रागावले नाहीत. उतरले, आमच्याबरोबर वाळूपर्यंत आले, आणि तिथे पोहोचताच त्यांनी समुद्राकडे पाठ केली. मनापासून, ठरवून. तळलेल्या मासळीच्या टपरीकडे, हॉटेलांच्या खिडक्यांकडे, आभाळाकडे, सगळीकडे बघत होते. मागे एवढं मोठं पाणी गर्जत होतं, तिकडे मान वळवायला तयार नाहीत. प्राजक्ता हात धरून म्हणाली, अप्पा, एकदा बघा ना. ते म्हणाले, वारा फार आहे, ईराच्या कानाला फडकं बांध.

आणि तेवढ्यात फोन वाजला. बार्शीची दिवेलागण झाली होती. या गडबडीत आमच्यापैकी कोणाला आठवण राहिली नव्हती. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून प्राजक्तानं आवाज मोठा केला आणि फोन अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी तो चेहऱ्यासमोर धरला आणि दिवा राहिल्याची सबब सांगायला लागले. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. पाठ वळवून उभ्या असलेल्या माणसाच्या फोनात काय दिसणार? त्याचं तोंड, आणि खांद्यामागे सगळा समुद्र.

काकूंनी विचारलं, तुमच्या मागं ते काय हलतंय?

अप्पांच्या ध्यानात आलं, की आपल्याआधी तिला दिसला. चेहऱ्यावर जे काही पसरलं ते मी इतक्या वर्षांत कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

"मी नाही बघितला अजून," ते घाईघाईनं म्हणाले. "तू बघ. नीट बघ."

आणि मग ते वळले. वळले आणि फोन उलटा करून दोन्ही हातांनी उंच धरला. डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवला, एक लाट सुटू नये अशा बेतानं. पुढे सरकले, बूट भिजले, टोपी उडाली, ती आणायला प्राजक्ता धावली. ते मोठ्यानं विचारत होते, दिसतोय का, सगळा दिसतोय का? फोनातून आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. शेजारचं एक डच कुटुंब हातातलं खाणं थांबवून बघत होतं.

आणि त्या फोनातून, इतके महिने गोळ्या आणि दुधाखेरीज नवऱ्याशी अवाक्षर न बोललेल्या काकू, शेजारी बहीण पडलेली असताना, आम्ही सगळे ऐकत असताना, एकदम म्हणाल्या:

"अहो, मसणात जाऊ द्या तो समुद्र! मला तुम्ही दिसंना झालात."