भैंशाचा फोन

पोरांनो, गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांच्या फोटोत आजोबा का नाहीत, असं तुम्ही विचारलं होतं. मी "कामाला गेले होते" म्हणून विषय बदलला. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. आता पूर्ण लिहिते.

आपल्या घरच्या महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे आहेत. थोरलीचा मुखवटा गावी, तुमच्या मोठ्या आजीकडे, म्हणजे माझ्या जाऊबाईंकडे असतो. धाकटीचा आमच्याकडे, आदिलाबादला. दर भाद्रपदात धाकटीला घेऊन तलमडुगूच्या पुढे गावी जायचं आणि दिवस मावळायच्या आत दोघींना घरात आणायचं, हा आमचा नेम. फक्त भावकीत कोणी गेलं तर सुतक लागतं आणि त्या वर्षी महालक्ष्म्या बसत नाहीत. लागोपाठ दोन वर्षं तसंच झालं होतं. जाऊबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं होतं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, सण तोंडावर आला आणि भैंसा गावचे काका अंथरुणाला खिळले. काका म्हणजे आजोबांचे चुलते, नव्वदीच्या घरातले. आजोबांचं सगळं हायस्कूल त्यांच्याच घरी राहून झालं. आता त्यांच्याजवळ फक्त त्यांची सून होती. मुलगा परगावी नोकरीला.

सुतकाचा एक नियम तुम्हाला ठाऊक नसेल. बातमी कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही. हा नियम आमच्यात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा उपयोग कसा करायचा तेही. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मुद्देसूद लिहायची सवय आहे. मी लिहिलं: एक, सर्वांनी दुपारी चारपर्यंत गावी पोचावे. दोन, केळीची पाने आणू नयेत, इथे आहेत. तीन, महालक्ष्म्या बसेपर्यंत सर्वांनी आपापले फोन बंद ठेवावेत, कारण सर्वांना माहीत आहे.

खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. तिसरा मुद्दा नेमका जमला, असं मला वाटलं होतं.

माझा स्वतःचा फोन मात्र चालू होता. सामानाची यादी त्यातच होती.

आमच्या तेलंगणात बायकांना बस फुकट, शून्य रुपयांच्या तिकिटावर, त्यामुळे बसला बायकांची ही गर्दी. मुखवटा लाल कापडात गुंडाळून मी मांडीवर घेतला होता, कारण तो खाली ठेवायचा नसतो. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, सामान नीचे रखो, पीछे जगह नहीं है."

"ये सामान नहीं, महालक्ष्मी है," मी म्हटलं.

"तो इनका भी जीरो टिकट फाड़ूँ?" तो म्हणाला. आजूबाजूच्या बायका हसल्या. आजोबांनी आपल्या एकट्याच्या तिकिटाचे पैसे दिले, तेही हसत होते.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'भैंसा घर' असं आलं.

"कोनाचा हाय?" आजोबांनी विचारलं.

"भैंशाचा."

ते खिडकीबाहेर कपाशीकडे पाहू लागले. "वाजू दे," म्हणाले.

वाजून थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. मी पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली, तरी आवाज बाहेर येतच होता. समोरच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "उचला ना व बाई, कवाचा वाजून राह्यला."

"चुकीचा नंबर आहे," मी म्हटलं. असं धडधडीत खोटं मी एरवी बोलत नाही. बंद करावा म्हणून बोट बटणावर नेलं, पण दाबवेना. बंद केला असता तर कळलं असतं की मला ठाऊक आहे. हे कोणाला कळलं असतं, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही. उतरताना तिसऱ्यांदा वाजला. आजोबा माझ्याकडे न पाहता भराभर पुढे चालू लागले.

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. "आली का माही धाकटी?" त्यांनी मुखवट्यावरून हात फिरवला. मला विचारलं, "अन् तुहा फोन बंद हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.

घर माणसांनी भरलं होतं. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढून झाली होती. जाऊबाईंची मुलगी सासरहून आली होती, ती थोरलीच्या लुगड्याच्या निऱ्या घालत होती. मी मुखवटा हातात घेऊन तुळशीपाशी बसले. आणि खांद्यावरच्या पिशवीत फोन चौथ्यांदा थरथरला.

तेव्हा कुठे माझं डोकं चालू झालं. माणूस गेलेल्या घरातून सून चार-चार वेळा फोन करत नाही. ते काम शेजारी करतात, एकदा फोन आणि मग एक मेसेज. चार वेळा फोन करतं ते माणूस काहीतरी मागत असतं.

मी उठले आणि मुखवटा जाऊबाईंपुढे केला. "बाई, हिला धरा जरा."

"आता कुठं चालली व? दिवस पाह्य कुठं आला."

"भैंशाला फोन लावते."

त्यांनी मुखवटा घेतला, पण माझं मनगटही धरलं. "धाकटे, घडीभर दम धर. दोन वर्षं झाले माह्या घरात त्या आल्या नाहीत."

"वाईट बातमी असली तर मी एकटीच ऐकते. कोणाला सांगणार नाही, बाहेर बसून राहते."

"अन् तुहं तोंड पाहून आमाले कळणार नाही काय?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि गोठ्यामागे गेले.

पहिल्याच रिंगला सुनेचा आवाज आला. "बाई?"

"कसे आहेत ते?"

"हायेत. सकाळपासून दाराकडंच पाहून राह्यले. माहा शाळेतला पोट्टा आला का, माहा शाळेतला पोट्टा आला का, एवढंच. डाक्टर म्हणते, आता कोणाले बोलवायचं असंल तं बोलवा." तिने श्वास घेतला. "अकरा घरी फोन लावले, बाई. सगळ्याईचे बंद. तुमचा तेवढा वाजून राह्यला होता, म्हनून लावतच राह्यली. तुमी काऊन उचलला नाही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ग्रुपवरचं मी बी वाचलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी बी हाव ना त्या ग्रुपवर."

आजोबा ओट्यावर बसले होते, नवं धोतर नेसून. मी म्हटलं, "जिवंत आहेत. तुम्हाला बोलावतायत. शाळेतला पोट्टा म्हणून."

त्यांनी एकच विचारलं, "पहिला फोन कवाचा होता?"

"बसमधला. पावणेतीनचा."

तेव्हा पाच वाजून गेले होते. भैंशाला जायला अडीच-तीन तास लागतात. त्यांनी पुतण्याला गाडी काढायला सांगितली आणि चपला पायात सरकवल्या.

"भावजी, दोन मिनिटं थांबा," जाऊबाई म्हणाल्या. "त्या घरात येतेत, मंग जा."

"वहिनी, त्या पुढच्या वर्षी बी येतीन," आजोबा म्हणाले आणि गाडीत बसले.

महालक्ष्म्या वेळेत घरात आल्या. ताट वाजलं. "कोण आली?" "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." सगळं झालं, पण आवाज कोणाचाच मोठा नव्हता. फोटो त्याच वेळचा.

रात्री आजोबांचा फोन आला नाही. मीही केला नाही. सकाळी आम्ही दोघी जावा सोळा भाज्या निवडायला बसलो. पुरण चुलीवर होतं. नैवेद्य दुपारी व्हायचा होता. फोन माझ्या मांडीपाशी पालथा पडला होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो.

"त्याईचा काही फोन?" जाऊबाईंनी अखेर विचारलं.

"नाही."

"तुहा चालू हाय ना?"

"आहे."

त्यांनी हातातली गवार परातीत टाकली आणि पदराला हात पुसले. "लाव."

"नैवेद्य व्हायचा आहे, बाई."

"म्हनून तं म्हणते, लाव. नैवेद्य झाल्यावर लावशीन तं काय उपेग?"

मी लावला. आजोबा म्हणाले, "पहाटे गेले."

"ओळखलं का त्यांनी?"

"हात धरून होते. सोडत नव्हते."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

"तू लिहिलं होतं ना, बसेपर्यंत नाही म्हनून. मंग वाटलं, जेवनं बी होऊ द्याव."

सुतक लागलं. आम्ही उठून अंगणात आलो. बसलेल्या महालक्ष्म्यांना उपाशी ठेवत नाहीत, म्हणून लग्न होऊन दुसऱ्या घरची झालेली जाऊबाईंची मुलगी आणि शेजारची एक सवाष्ण यांनी पुढचं सगळं करायचं ठरलं. जाऊबाई उंबऱ्याबाहेरून एकदा आत डोकावल्या. दोन वर्षांनी आलेल्या दोघी महालक्ष्म्या हिरव्या लुगड्यांत उभ्या होत्या. मला वाटलं, आता या रडतील.

त्या वळून म्हणाल्या, "आता आपल्याले इथं कशाले हात लावता येत नाही. चाल, भैंशाला जाऊ."

पोचेपर्यंत दुपार कलली होती. अंत्यविधी उरकून पुरुष माणसं परतली होती. सून दारात आली. तिने आधी माझ्याकडे नाही, जाऊबाईंकडे पाहिलं.

"बाई, महालक्ष्म्या उभ्या सोडून आल्या?"

"त्या दोघी जनी हायेत," जाऊबाई म्हणाल्या. "तू एकटी होती."

ती आत गेली. पाण्याचे दोन पेले घेऊन आली. मी पेला हातात धरूनच तिला सांगितलं, की फोन बंद ठेवायचं ग्रुपवर लिहिणारी मीच होते.

"माहीत हाय, बाई," ती म्हणाली. "वर तुमचंच नाव होतं."