रहीम सरांच्या तारेवरची चिठ्ठी

रहीम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर उगवत्या बियाण्याची आकृती काढत होते. बातमी ऐकली आणि आकृती पूर्ण केली... दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

नेरजवळच्या आमच्या तांड्यावरून मी पायी शाळेत जायचे. चौथीत सर आम्हाला शिकवत. त्यांच्या टेबलामागे एक तार टांगलेली असे, दुकानदार बिलं खोचतात तशी. उत्तर न आलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून सर तिच्यात खोचत. उत्तर सापडलं की चिठ्ठी ज्याची त्याला परत. एकदा मी विचारलं, "सर, झाडाले कापूस कायले येते?"

"आपल्या कपड्यासाठी, बेटा."

"मंग झाडाले काय भेटते?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. चिठ्ठी तारेवर गेली.

रविवारी सर सायकलीनं थेट तांड्यावर आले. याडी, म्हणजे माझी आई, घाबरली. "पोरीनं काय केलं जी?"

"तिनं नाही ताई, चूक म्या केली."

सरांनी बादलीभर पाणी मागितलं. सोललेली सरकी बुडाली. कापसासकट टाकलेली तरंगत राहिली. "बी दूर जावं म्हणून हा कापूस. वाऱ्यावर, पाण्यावर. हे मले तुह्या प्रश्नानं शिकवलं." जन्मभर कापूस वेचलेली याडीही बादलीवर वाकून पाहत राहिली. माझी शाळा सोडवायची गोष्ट त्यानंतर घरात कोणी काढली नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि आता राळेगाव तालुक्यात शिक्षिका.

दिवाळीत शेवटचं भेटले तेव्हा सर अंथरुणावर होते. "तुह्या तारेवर किती चिठ्ठ्या झाल्या?"

"तार नाही सर. अभ्यासक्रमच पुरा होत नाही."

"पोरं विचारत नाहीत, का तू विचारू देत नाहीस?"

मी हसून बसची वेळ सांगितली आणि उठले. ते उत्तर द्यायचं राहूनच गेलं...

सरांच्या घरी चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेले तेव्हा चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, ती तार माझ्या हातात दिली. "ले जा बेटी." तिच्यावर सरांच्या अक्षरातल्या चार-पाच चिठ्ठ्या अजून होत्या. मी ती वर्गात टांगली.

मागच्या आठवड्यात उगवत्या बियाण्याच्या त्याच धड्याची उजळणी घेत होते. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बी उलटं पडलं तं वर कोणतं, हे त्याले कसं समजते?"

एरवी मी म्हटलं असतं, हे परीक्षेला नाही. तोंडावर आलंही होतं. खडू खाली ठेवला.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "लिही."

तिनं लिहिलं, चवड्यांवर उभी राहून चिठ्ठी खोचली, आणि ती सरकत जाऊन सरांच्या चिठ्ठ्यांवर बसली.