रिप्लायराव

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याचं काम एकच, तक्रारींना रिप्लाय देणं. मेकॅनिक यायचे तेव्हा यायचे. रिप्लाय मात्र चहा निवायच्या आत हजर: 'आपली तक्रार मिळाली. लवकरच व्यवस्था करत आहोत.' ऑफिसात त्याला सगळे रिप्लायराव म्हणायचे आणि गडी त्यावर खूशही असायचा.

नव्या माणसाला तो समजावून सांगे, "रिप्लाय म्हणजे उत्तर नव्हे. उत्तरात हो की नाही ते सांगावं लागतं, मग ते अंगाशी येतं. रिप्लाय दिला की समोरचा गप्प बसतो, आपण मोकळे." घ्या! एवढी अक्कल शब्दकोशात कुठून सापडायची?

आई गेल्यावर त्याला मोठ्या बहिणीनं वाढवलं. त्या नादात तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. आता ताईचे गुडघे गेले होते, ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. एका दुपारी तिचा मेसेज आला: 'तुझ्याकडे राहायला येऊ का? जमत नसेल तर तसं सांग, मी वृद्धाश्रमाचं बघते.'

त्याचं घर दोन खोल्यांचं. हो म्हणावं तर बायको काय म्हणेल, आणि नाही म्हणावं तर ताईला तोंड कसं दाखवायचं? पण बोटांना सवय लागलेली. 'ताई, मेसेज मिळाला. लवकरच व्यवस्था करत आहोत.' पाठवला आणि नेहमीसारखा मोकळा झाला.

जेवताना त्यानं बायकोच्या कानावर घातलं.

"मग काय कळवलंत?" तिनं विचारलं.

"रिप्लाय दिला ना."

"ते झालं हो. ताईंना आणायचं की नाही?"

"बघू," म्हणून त्यानं ताटात मान घातली. 'तुला काय वाटतं?' एवढं तिला विचारायचंही त्याला सुचलं नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ताई, जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकलेली, शेजारी बॅग. इमारतीची लिफ्ट बंद होती, त्याच्याच कंपनीची. रहिवाशांना रिप्लाय वेळेवर मिळाला होता.

"खोलीची किल्ली मालकाला देऊन आले," ताई धापा टाकत म्हणाली. "भाऊ व्यवस्था करतोय म्हटल्यावर थांबायचं कशाला?"

इतकी वर्षं तेच वाक्य त्यानं जगभर वाटलं होतं. त्यावर विसंबून कुणी राहतं घर सोडलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, आत येऊ का?" ताईनं विचारलं.

त्यानं मागे वळून बघितलं. बायको केव्हाची येऊन उभी होती. तिनं वाकून बॅग उचलली.

"या ताई. तुमचा मेसेज कळला त्याच दिवशी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय," ती म्हणाली. "यांनी मला विचारलंच नाही."