मऊ करणारं तेल

माझ्या थोरल्या जावेला, म्हणजे ताईला, मधुमेह झाला, तेव्हा घरात सर्वांत आधी साखरेच्या बरणीला कुलूप लागलं. कुलूप लावलं भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने. ते स्वतः चहात साखर नव्हे, साखरेत चहा घालतात. पण आजार त्यांना झाला नव्हता, त्यामुळे न्यायनिवाड्याचा अधिकार त्यांचाच. "गोड खायची खोड नडली," असं ते आल्यागेल्याला सांगत. ताईला गोड आवडतच नाही, ही एक बारीकशी अडचण होती. ती त्यांनी "चोरून खात असेल" म्हणून निकालात काढली.

ताई टेबलाची मऊ प्लॅस्टिकची कव्हरं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. लग्न झालं तशी लागली ती लागलीच. तिथे कडक पावडरीत एक तेल कालवतात, त्यानेच प्लॅस्टिक मऊ पडतं. गरम प्रेसमधून निघालेलं कव्हर ओढायचं, कडा कापायच्या, घडी घालायची, हे काम बायकांचं. सुरुवातीला वासाने डोकं उठतं. पुढे नाक शहाणं होतं आणि तक्रार करत नाही. छपाईची शाई हाताला लागली की साबणाला दाद देत नाही, म्हणून बायका तेच तेल चिंधीवर घेऊन हात पुसत. शाई जाई, वर हातही मऊ होत. कंपनीने फुकट दिलेलं मलम म्हणून ताईला त्याचं कोण कौतुक! दुपारच्या जेवणातला पाव त्या कव्हरांच्या गरम कातरणात गुंडाळून प्रेसच्या कडेवर ठेवायची युक्तीही बायकांचीच. पाव वाळत नसे.

"तुमच्या ऑफिसात आहे का अशी सोय?" ती मला विचारायची. मी कारकून. आमच्याकडे पावही वाळतो आणि माणूसही.

डाग पडलेला माल कामगारांना घरी नेता येई. त्यामुळे आमच्या घरी टेबल, गादी, कपाटाच्या फळ्या, सगळ्यांनी कव्हरं पांघरलेली. उन्हाळ्यात दार उघडलं की कारखान्यात शिरल्यासारखं वाटे. भाऊजी म्हणत, नव्या गाडीसारखा वास येतो. गाडी काही आमच्या नशिबात नव्हती, वासावरच भागवलं.

मग घडीच्या टेबलावर एकीपाठोपाठ एकीला साखर निघू लागली. कारखान्याचे डॉक्टर प्रत्येकीला तेच सांगत: वजन उतरवा, गोड सोडा, चाला. दिवसभर उभ्या असलेल्या बायकांना चालायला सांगणं म्हणजे कमालच. एके दिवशी ताईच्या पायात कडा कापायचं पातं घुसलं आणि तिला कळलंच नाही. बुटात रक्त साचलं, ते दुसऱ्याच बाईने पाहिलं. मी तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला. "काम काय करता?"

ताईने तेलाचं आणि पावाचंही मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी लिहायचं थांबवलं.

"प्लॅस्टिक मऊ करणारी काही रसायनं ज्या बायकांच्या शरीरात जास्त सापडतात, त्यांच्यात मधुमेहही जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यानेच झाला, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण ते तेल हाताला लावणं आणि त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं खाणं आजच बंद करा."

घरी येऊन मी हे सांगितलं. "म्हणजे खात्री नाहीच," भाऊजी म्हणाले. चोरून खाल्लेल्या गोडाची मात्र त्यांना खात्री होती. असल्या खात्रीला अभ्यास लागत नाही.

पायामुळे ताईची नोकरी सुटली. कारखान्याची रीत अशी की आजारपणाने बाई घरी बसली, तर तिची जागा तिच्या मुलीला. केवढे उपकार. ताईची एकुलती एक लेक नुकतीच शिकून रिकामी बसली होती. भाऊजींना आकाश ठेंगणं झालं. आता पिढीजात नोकरी म्हणे. ताई गप्प. मला तिचा संताप आला, खरं सांगते. स्वतःसाठी कधी तोंड उघडलं नाहीस, निदान लेकीसाठी तरी उघड, असं मी तिला दोनदा सुनावलं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघी मॅनेजरसमोर बसलो. माणूस बोलायला मिठ्ठास. त्याने कागद सरकवला आणि पुतणीच्या हातात पेन दिलं.

"आईसारखी साखरबिखर नाही ना तुला?"

"नाही, सर."

"छान. घडीच्या कामाला आम्हाला निरोगीच मुलगी लागते."

पुतणी सही करायला वाकली. ताईने तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी आले तेव्हा निरोगीच होते, साहेब," ती म्हणाली.

मॅनेजरला एवढ्यात कुठलासा फोन करायचं आठवलं. आम्ही उठलो. जिना उतरताना ताईने माझा खांदा धरला होता, कारण पायरी कुठे आहे ते तिच्या पायांना कळत नव्हतं. लेक रुसून पुढे निघून गेली. घरी भाऊजींनी आकाशपाताळ एक केलं, पण ताई हलली नाही.

जागा काही रिकामी राहिली नाही. घडीच्या टेबलावर ताईच्या शेजारी उभी राहणाऱ्या बाईने वरिष्ठांचे पाय धरून आपल्या लेकीला तिथे चिकटवलं. मग ती ताईचे आभार मानायला घरी आली. ताई तिचा हात धरून सगळं सांगत राहिली, आणि ती ताईचा हात धरून आभार मानत राहिली.

ती गेल्यावर ताई रडली. स्वतःच्या आजारावर ती कधी रडली नव्हती.